भाव पडले म्हणून पिल्लं उपाशी विकायची?

प्रति,
आमच्या ब्रीडर संघटनेची कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण दोन ठराव मंजूर केले. पहिला ठराव आपण पैदास करतो त्या बॉल पायथन या बिनविषारी सापाच्या काही मॉर्फना, म्हणजे पैदाशीतून मिळवलेल्या रंग-नक्षीच्या प्रकारांना, किमान भाव बांधून देण्याचा. दुसरा, प्रदर्शनात विक्रीला ठेवायच्या पिल्लानं आपणहून किमान तीनदा खाल्लेलं असलं पाहिजे, ही जुनी अट 'बाजार सुधारेपर्यंत' शिथिल करण्याचा. आता पहिली कात टाकली की पिल्लू टेबलावर आणता येईल. बैठकीत मी बोलायला उभी राहिले तेव्हा वेळ संपल्याचं सांगण्यात आलं. जे तिथे बोलायचं होतं ते इथे लिहिते आहे. आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण ही पिल्लं जे विकत घेणार आहेत त्यांनाही हे कळलं पाहिजे.

मी बाहेरची नाही. चौदा वर्षं हेच काम करते. पहिली पायबाल्ड, म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेल्या मॉर्फची मादी घेण्यासाठी मी दीड वर्ष पैसे साठवले होते. आज तिच्या नातीला जो भाव मिळतो त्यात तिला ठेवायचा टब, हीट मॅट आणि थर्मोस्टॅटसुद्धा येत नाही. माझ्या रॅकमधल्या जनावरांची चार वर्षांपूर्वी जी किंमत होती तिच्या पाव हिश्शानंही आज कोणी विचारत नाही. त्यामुळे 'तुम्हाला झळ बसत नाही म्हणून तुम्ही बोलता' असं मला कोणी म्हणू नये. झळ बसली आहे, चांगलीच बसली आहे. पण ती सोसायची कोणी, हा माझा प्रश्न आहे. आपल्या दुसऱ्या ठरावानं ती साठ ग्रॅमच्या पिल्लावर ढकलली आहे.

ती तीन जेवणांची अट काय होती, हे नव्या सभासदांसाठी नीट सांगते.

बॉल पायथनचं पिल्लू अंड्यातल्या अंड्यात तयार झालं की वरच्या जबड्याच्या टोकावरच्या इवल्याशा दातानं कवच चिरतं आणि नाक बाहेर काढून एक-दोन दिवस तसंच बसून राहतं. त्या वेळात उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असतं. ही त्याची शिदोरी. बाहेर आल्यावर आठवडा-दहा दिवसांनी ते पहिली कात टाकतं आणि त्याच्या आसपास शिदोरी संपत येते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. आणि नेमकं याच वेळी ते दिसायला सर्वांत देखणं असतं. नवी कात, लखलखीत रंग, भरलेलं अंग. हे पिल्लू पुढे खाणार की नाही, हे त्याच्याकडे बघून मलाही सांगता येत नाही आणि तुमच्यातल्या सर्वांत जुन्या ब्रीडरलाही नाही. ते कळायला वाट बघावी लागते. तीन जेवणं म्हणजे ही वाट बघणं. नव्या नियमानं आपण पिल्लू सर्वांत सुंदर दिसतं पण त्याच्याबद्दल सर्वांत कमी माहिती असते, अशा क्षणी ते विकायला परवानगी दिली आहे.

गेल्या हंगामात माझ्या एका मादीनं सहा अंडी घातली. सहाही फुटली. पाच पिल्लांनी दोन आठवड्यांत पहिलं जेवण घेतलं. चौथ्या क्रमांकाचं मात्र काही खाईना. जन्मतः ५८ ग्रॅमचं होतं. गोठवलेलं उंदराचं पिल्लू वितळवून, गरम पाण्यात धरून ऊब आणून समोर नेलं की ते डोकं वेटोळ्यात खुपसायचं. मी त्याला लहान टबमध्ये हलवलं, अंगाला घट्ट बसेल एवढीच लपायची जागा दिली, खाली ओलसर मॉस घातलं, टबवर काळं कापड टाकलं आणि आठवडाभर त्याला हातही लावला नाही. एकोणिसाव्या दिवशी नाही. सव्विसाव्या दिवशी नाही. तेहतिसाव्या दिवशी वजन ४७ ग्रॅमवर आलं आणि पाठीचा कणा बोटाला लागायला लागला. एकेचाळिसाव्या रात्री मोठ्या जातीच्या उंदराऐवजी घरउंदराचं पिल्लू टबमध्ये ठेवून दिवा बंद केला आणि मी दाराशी उभी राहिले. दहा-बारा मिनिटं काहीच नाही. मग 'टप्' असा आवाज आला. दिवा लावायचा मोह मी आवरला. सकाळी टब रिकामा होता आणि पिल्लाच्या पोटात मधोमध फुगवटा होता.

नव्या नियमानं हे पिल्लू बाराव्या दिवशी टेबलावर असतं. ते कोणाकडे गेलं असतं? बहुधा आयुष्यातला पहिला साप घेणाऱ्या कोणाकडे, कारण स्वस्त पिल्लू तेच लोक घेतात. त्यानं हौसेनं मोठा काचेचा टँक घेतला असता, रोज हातात घेतलं असतं, खात नाही म्हणून घाबरून दर दोन दिवसांनी उंदीर समोर धरला असता. आपल्याला फोन केला असता तर आपण सांगितलं असतं, 'बॉल पायथन कधीकधी खात नाहीत, काळजी करू नका.' मोठा बॉल पायथन महिनोन्महिने न खाता राहू शकतो, हे खरं आहे. पण ४७ ग्रॅमच्या पिल्लाला ते लागू नाही, हे आपल्याला माहीत आहे आणि त्या माणसाला माहीत नाही.

बैठकीत जे कारण देण्यात आलं ते मी लिहून घेतलं आहे: 'भाव एवढे पडलेत की पिल्लू दीड-दोन महिने सांभाळणं परवडत नाही.' यावर जरा थांबून बोलते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

भाव का पडले? आपल्यात याची वेगवेगळी उत्तरं फिरतात. कोणी लोकांच्या खिशाला दोष देतं, कोणी उंदरांच्या वाढलेल्या दराला, कोणी घरच्या घरी दोन माद्या ठेवून भाव पाडणाऱ्या नव्या पोरांना. यातलं प्रत्येक थोडं खरं असेल. पण आपल्या व्यवसायात भाव पडणं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. १९९२ मध्ये अमेरिकेतले ब्रीडर बॉब क्लार्क यांनी अल्बिनो बॉल पायथनची पैदास करून तो रंग आनुवंशिक असल्याचं सिद्ध केलं. १९९७ मध्ये पायबाल्ड आणि पेस्टल हे मॉर्फ आले, १९९९ मध्ये स्पायडर हा मॉर्फ आला. सुरुवातीला यातल्या एकेका सापाला मोटारीची किंमत मिळत होती. ती किंमत सापाच्या सौंदर्याची नव्हती. त्याच्या पोटी पुढे जी पिल्लं होणार होती, त्यांची ती आगाऊ किंमत होती.

आता हिशोब बघा. एक पेस्टल नर पाच साध्या माद्यांना लावला. मादीमागे सरासरी सहा अंडी धरली तर तीस पिल्लं, त्यातली निम्मी म्हणजे पंधरा पेस्टल. त्यांतले सात नर धरा. नर दीड वर्षात जोडीला तयार होतो. त्या सातांच्या सात मालकांनी तेच केलं तर दोनशे दहा पिल्लं आणि त्यांत शंभरावर पेस्टल. माद्या अजून मोजलेल्याच नाहीत. त्या साधारण तीन वर्षांत, दीड किलोच्या आसपास वजन झालं की, अंड्यावर येतात. अल्बिनो किंवा क्लाऊनसारख्या रिसेसिव्ह मॉर्फला, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून जीन आला तरच जो दिसतो त्याला, एक पिढी जास्त लागते, कारण पहिल्या पिढीत सगळे नुसते हेट, म्हणजे रंग न दिसता जीन बाळगणारे, निघतात आणि हेट-हेटच्या जोडीतून चारात एक रंग दिसतो. म्हणून त्यांचे भाव चार-पाच वर्षं जास्त टिकले, एवढाच फरक. नवीन मॉर्फ आला, पैसे आले, तो घरोघरी झाला, भाव पडला, की दुसरा मॉर्फ. हे चक्र आपण तीस वर्षं फिरवलं.

मागणी मात्र सातपटीनं वाढत नव्हती. उलट हा प्राणी वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये एका बॉल पायथन मादीनं नरावाचून सात अंडी घातली, तेव्हा तिचं वय किमान ६२ वर्षं असल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. ज्या घरात आपण एक साप दिला त्या घराला दुसरा साप लागला तरी एखादाच लागणार, आणि तोही कदाचित पंचवीस वर्षांनी. मग एवढी वर्षं आपला माल कोण घेत होतं? आपणच. म्हणजे आपल्यासारखेच, ब्रीडर होऊ पाहणारे. आपला गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांत आपल्याच शेजारच्या टेबलावर विकायला बसत होता.

ज्या बाजारात घेणारा विकण्यासाठीच घेतो तिथे किमान भाव बांधणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. अंड्यांची संख्या तीच ठेवून भाव बांधला की टेबलावर एक आकडा लिहिला जाईल आणि टेबलाखाली दुसरा ठरेल. तो ठराव मागे घ्या म्हणून मी भांडत बसणार नाही, तो आपोआप मरेल. पण दुसऱ्या ठरावामुळे खरोखर जीव जातील, म्हणून माझ्या तक्रारी नावानिशी नाही, पण मुद्द्यानिशी मांडते.

सर्वांत आधी गुंतवणुकीची भाषा. 'एक जोडी घ्या, तीन वर्षांत पैसे वसूल, पुढे सगळा नफा.' ही वाक्यं आपल्या टेबलांवर, आपल्या जाहिरातींत राजरोस चालतात. ही मीही म्हटली आहेत. सहा वर्षांपूर्वी एका तरुणाला मी स्वतः वही उघडून हिशोब मांडून दाखवला होता. त्यानं माझ्याकडून चार आणि इतरांकडून सात असे अकरा साप घेतले. मागच्या वर्षी तो ते सगळे टबांसकट घेऊन दारात आला. म्हणाला, 'ताई, घ्या हे. पैसे नकोत.' नोकरी गेली होती, खोली बदलावी लागणार होती, जाहिरात देऊन आठ महिन्यांत एक साप गेला होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि तेच मला जास्त लागलं. अकरातल्या एका क्लाऊन मादीच्या दोन्ही डोळ्यांवर जुन्या काती चिकटून राहिल्या होत्या. हवा कोरडी, पाण्याचं भांडं लहान, आणि शिकवणारं कोणी नाही. डोळ्यांवरची कात ओढून काढायची नसते, डोळ्याची खवली फाटते. तिला कोमट ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून मी रोज अर्धा तास मांडीवर घेऊन बसायचे, टबमध्ये दमटपणा राखायचे. एक डोळा पुढच्या कातीला मोकळा झाला. दुसरा तिसऱ्या कातीला. तोवर ती उंदीर शोधताना तोंड चुकीच्या दिशेला मारायची. त्या वहीतला माझा हिशोब कागदावर बरोबर होता. तो बाकीच्या शेकडो लोकांनीही त्याच वर्षी मांडला होता, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

दुसरी तक्रार उपचारांची. आज साध्या मॉर्फचं पिल्लू पशुवैद्याच्या एका तपासणीपेक्षा स्वस्त झालं आहे. हे वाक्य मी जितक्यांदा म्हणते तितक्यांदा मला भीती वाटते. नाकातून बुडबुडे येतात, साप तोंड उघडून श्वास घेतो, आणि मालक विचार करतो की एवढ्यात दुसरा येईल. किमतीचा आणि काळजीचा संबंध नसावा, पण असतो. ब्रीडरही याला अपवाद नाहीत. २०१४ मध्ये बॉल पायथनमधल्या श्वसनाच्या आजारामागे निडोव्हायरस असल्याचं संशोधकांनी दाखवलं, त्याची चाचणी उपलब्ध आहे, आणि आपल्यापैकी किती जण नवीन साप रॅकमध्ये ठेवण्याआधी ती करतात? पूर्वी महागाचा साप आला की तीन महिने वेगळ्या खोलीत राहायचा. आता दोन आठवडे वेगळा ठेवला तरी फार झालं, अशी स्थिती आहे. काटकसर तिथेच होते आहे जिथे ती दिसत नाही.

तिसरी, व्यंग असलेल्या मॉर्फची. साधा माल खपत नाही म्हणून आता चार-चार, पाच-पाच जीन एकत्र करून वेगळं काहीतरी दाखवायची चढाओढ लागली आहे आणि त्यात स्पायडर पुन्हा आला आहे. स्पायडरचं डोकं डुलतं, मान पिळवटते, खायला झडप घातली की नेम चुकतो, उलटा पडला की सरळ व्हायला वेळ लागतो. कोणात कमी, कोणात जास्त, पण जीनबरोबर हे येतंच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पायडरच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली असल्याचं दिसून आलं आहे. ज्या प्राण्याला तोल म्हणजे काय हेच जन्मतः नीट कळत नाही, त्याच्या टबवर आपण 'किंचित वॉबल', म्हणजे थोडं डुलणं, असं लिहितो, किंवा लिहीतही नाही. डेझर्ट मॉर्फच्या माद्यांची अंडी अडकतात, कॅरमेल अल्बिनोंमध्ये कणा वाकडा निघतो. ही माहिती आपल्यात सगळ्यांना आहे. टेबलावरच्या कार्डावर ती नसते.

चौथी गोष्ट लिहिताना हात थांबतो. उरलेल्या पिल्लांचं काय होतं, हे आपण एकमेकांना विचारत नाही. हंगाम संपताना ज्या साध्या रंगाच्या नर पिल्लांना कोणी घेत नाही, ती काही जण साप खाणाऱ्या किंगस्नेक जातीच्या सापाला खायला घालतात, काही जण फ्रीजरमध्ये ठेवतात. मला एका सभासदानं फोनवर सहज सांगितलं, 'थंडीनं झोप लागते त्यांना.' झोप लागत नाही. थंडीनं शरीर जड होतं, हालचाल थांबते, जाणीव त्याच वेगानं जाते असं खात्रीनं म्हणता येत नाही. शुद्धीवर असलेल्या सरपटणाऱ्या प्राण्याला असं गोठवून मारणं पशुवैद्यकांच्या मार्गदर्शक तत्त्वांत अमान्य आहे. ज्या पिल्लाला जगवायची तयारी नाही त्याचं अंडं इनक्युबेटरमध्ये ठेवायचंच कशाला?

साध्या, मूळ रंगाच्या सापासाठी 'नॉर्मल' हा शब्द आपण इतक्या तुच्छतेनं वापरतो की तो साप मुळात कुठला, याचाही आपल्याला विसर पडला आहे. घाना, टोगो, बेनिन या देशांतून हा साप लाखोंच्या संख्येनं पकडून बाहेर गेला. अंड्यावर आलेल्या माद्या पकडायच्या, अंडी उबवायची, पिल्लं निर्यात करायची, अशी तिथली पद्धत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं २०२१ मध्ये त्याला 'संकटसमीप' ठरवलं. बेनिनमधल्या उइदा गावात याच सापाचं मंदिर आहे. तिथे ज्याला कोणी मारत नाही तो आपल्या यादीत 'फुकट, सोबत' असा लिहिलेला असतो.

आणि शेवटची तक्रार, जी निदान आपल्या स्वार्थासाठी तरी ऐकावी. स्वस्त झालेला, न मागितलेला साप शेवटी कुठेतरी सोडला जातो. स्पेनच्या ग्रान कॅनरिया बेटावर कॅलिफोर्निया किंगस्नेक मोकळे सुटले. त्यांतले कितीतरी अल्बिनो आहेत, म्हणजे ते कोणाच्या तरी टबमधून आले याला वेगळा पुरावा नको. त्या बेटावरचे मोठे सरडे, जे मूळचे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, ते या सापांच्या भागांतून जवळजवळ नाहीसे झाले. २०२२ मध्ये युरोपीय संघानं त्या किंगस्नेकला आक्रमक परक्या प्रजातींच्या यादीत घातलं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या जंगलात पसरलेल्या, मुळात पाळायला आणलेल्या बर्मीज पायथनचं उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. २०१२ मध्ये त्यांच्यासह चार जातींच्या मोठ्या सापांची आयात आणि राज्याराज्यांतली वाहतूक बंद झाली, तेव्हा ज्यांनी कधीच साप सोडला नव्हता अशा ब्रीडरांचेही धंदे बसले. आपण स्वतःला नियम लावून घेतले नाहीत तर कोणीतरी लावेल, आणि लावणाऱ्याला आपल्यातला चांगला कोण आणि वाईट कोण हे शोधत बसायला वेळ नसेल.

एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. लहान ब्रीडर म्हणतात की एका टबमागे दोन महिने उंदीर, वीज, वेळ, आणि शेवटी मिळणारी रक्कम त्याहून कमी. हो, कमीच आहे. म्हणून जोडी लावू नका, असं माझं सरळ म्हणणं आहे. मादीला अंड्यावर असताना कित्येकदा महिनोन्महिने अन्न जात नाही, अंडी घातल्यावर ती सुकून निघते. जंगलात ती दरवर्षी अंडी घालतेच असं नाही. आपण तिला दरवर्षी लावतो, कारण भाव पडला की संख्येनं भरून काढायचं असं आपल्याला वाटतं, आणि त्या संख्येनंच पुढच्या वर्षीचा भाव आणखी पडतो. वर्षभर विश्रांती दिलेली मादी भरते, तिचा खर्च कमी, पिल्लांचा खर्च शून्य. पिल्लाच्या तोंडचं न काढता वाचवता येईल असा एवढाच खर्च मला या धंद्यात दिसतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

१. तीन जेवणांची अट पुढच्या प्रदर्शनाआधी पूर्ववत करावी. प्रत्येक पिल्लासोबत कार्ड द्यावं: जन्मतारीख, जन्माचं वजन, प्रत्येक जेवणाची तारीख आणि प्रकार, विक्रीच्या दिवसाचं वजन.

२. स्पायडर आणि तोल बिघडवणारे इतर मॉर्फ आपल्या प्रदर्शनातून बंद करावेत. बाकी व्यंगांची शक्यता असलेल्या मॉर्फच्या कार्डावर ती मोठ्या अक्षरांत लिहावी.

३. 'गुंतवणूक', 'पैसे वसूल', 'खात्रीचा परतावा' हे शब्द सभासदांच्या जाहिरातींत चालणार नाहीत, असा नियम करावा.

४. प्रत्येक सभासदानं आपण विकलेला साप कधीही, कोणत्याही कारणानं परत आला तर घ्यावा. ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी टेबलाच्या भाड्यातून ठरावीक हिस्सा बाजूला काढून संघटनेनं सांभाळायची सोय करावी. अकरा साप एका बाईच्या दारात येणं ही व्यवस्था नव्हे.

५. हंगामाच्या आधी प्रत्येकानं किती जोड्या लावणार हे संघटनेला कळवावं आणि एकूण आकडा सगळ्या सभासदांना दाखवावा. मी बंदी मागत नाही. बाजारात किती पिल्लं येणार आहेत हे अंडी पडल्यावर नाही, आधी कळू दे, एवढंच मागते. हा आकडा समोर असता तर सहा वर्षांपूर्वी मी ती वही उघडली नसती.

६. उरलेल्या पिल्लांना गोठवून मारणाऱ्या सभासदाचं सभासदत्व रद्द करावं. मारणं अटळच असेल तर ते पशुवैद्याकडूनच व्हावं.

माझ्याकडे अंड्यावर येतील अशा नऊ माद्या आहेत. यंदा एकीचीही जोडी लावलेली नाही. इनक्युबेटर पुसून, झाकून ठेवला आहे. त्या तरुणाच्या अकरा सापांपैकी सहांना घरं मिळाली, पाच माझ्याकडे आहेत. ती क्लाऊन मादी मी देणार नाही. चौथ्या क्रमांकाचं पिल्लू आता वेळेवर खातं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत वरच्या सहा मागण्या मी ठराव म्हणून मांडणार आहे. अनुमोदनाला सभासद हवेत. ज्यांना पटतं त्यांनी सभेच्या आधी कळवावं, ज्यांना पटत नाही त्यांनीही का पटत नाही ते लिहावं, मी उत्तर देईन. कार्यकारिणीनं मात्र पहिल्या मागणीचं उत्तर प्रदर्शनाच्या आत आणि लेखी द्यावं, ही विनंती. तोपर्यंत प्रदर्शनात माझं टेबल असेल, पण त्यावर विक्रीला पिल्लू नसेल. कार्डाचे कोरे नमुने असतील. घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन की पिल्लू निवडताना आधी हे भरलेलं कार्ड मागा.

कळावे,
आपली,
चौदा वर्षांची एक सभासद